दुरुस्तीला पॉइंट नसतात

२१ जानेवारी २०१७, डहाणू

आज माझा मजकूर दगडात कोरला गेला. पांढरा संगमरवर, काळी अक्षरं. ‘आश्रमशाळेतील विद्यार्थिनींच्या आरोग्य व सन्मानार्थ हे स्नानगृह सस्नेह अर्पण.’ खाली नवऱ्याच्या समाजसेवी क्लबचे यंदाचे अध्यक्ष कांतीभाई यांचं नाव, ‘विद्यार्थिनी’च्या दुप्पट मोठ्या अक्षरांत. गेल्या महिन्यात घरी आले होते. “वैनी, तुम्ही रायटर. दोन लाइन लखून द्या ना, एकदम दिलवाली.” दिल्या. माझी दोन पुस्तकं डहाणूत फार तर चार जणांनी वाचली असतील. ही पाटी निदान अंघोळीला येणारी प्रत्येक पोर वाचेल.

शाळा तलासरीच्या पुढे, आत. मांडव, फीत, नारळ. पाहुण्यांनी नळ सोडला, पाणी आलं, टाळ्या. क्लबातल्या बायकांनी नळाबरोबर फोटो काढून घेतले.

मी आडोसा शोधत मागे गेले. तिथे शिडी लावलेली. मुलींची रांग बोअरपासून टाकीपर्यंत, हातोहात कळश्या. शिडीवरची उंच मुलगी कमरेपर्यंत भिजलेली. थंडीचे दिवस.

“टाकीला पाणी येत नाही?”

“नळ हाय ना,” ती म्हणाली. “पाणी आम्ही.”

नाव कल्पना. आठवीत.

येताना गाडीत सु. म्हणाला, “छान झाला ना कार्यक्रम?” जुलैपासून अध्यक्षपद त्याच्याकडे येणार. नवऱ्याच्या चेहऱ्यावर इतका आनंद लग्नातसुद्धा पाहिला नव्हता.

१२ फेब्रुवारी

पुन्हा तीच शाळा. आज क्लबच्या ‘बालनेता शाखे’चं उद्घाटन. उद्याचे नेते घडवायचेत. आजचे पाहिल्यावर ही घाई कळते.

वापीहून एक ट्रेनर आणला होता, सुटाबुटातला. पोरांना हस्तांदोलन शिकवलं. ‘मी जिंकणार’ असं ओरडायला लावलं. कोणाला जिंकायचंय हे कोणी विचारलं नाही. मग सभा कशी चालवायची ते: एकाने ठराव मांडायचा, दुसऱ्याने अनुमोदन द्यायचं, हात वर करून मत. अध्यक्षाने लाकडी हातोडी टेबलावर मारली की सगळे गप्प.

शाखेची अध्यक्ष म्हणून कल्पनाला निवडलं. निवडणूक अशी झाली: कांतीभाई म्हणाले, “पेली उंचवाली. फोटोमा दिसायला पाहिजे.” गळ्यात पट्टा घातला, हातात हातोडी दिली.

तिने एकच प्रश्न विचारला. “हातोडी मारली की सगळे गप्प बसतात?”

“एकदम गप्प!” ट्रेनर.

“मोठी माणसंपण?”

केवढे हसले सगळे. ती हसली नाही. हातोडी तळहातावर मारून बघत होती.

२९ मार्च

गोष्टींची पुस्तकं घेऊन एकटीच गेले. चारोटीपर्यंत एसटी, पुढे जीप, शेवटी चालत. क्लबबरोबर गेलं की शाळा दिसत नाही, क्लब दिसतो.

स्नानगृहाला कुलूप. किल्ली अधीक्षिका गावितबाईंकडे. उघडून दाखवलं. आत छतापर्यंत सरपण.

“काय करू मॅडम? पाणी नाय. निदान लाकडं तरी कोरडी राहतात.”

बोअर स्वयंपाकघरापाशी. तिथून टाकीपर्यंत पाइप टाकलेलाच नाही. एस्टिमेटात नव्हता म्हणे. भिंती होत्या, फरशी होती, पाटी होती. पाइप नव्हता.

मुली मागच्या नाल्यावर जातात. पलीकडच्या बांधावर टेंपोवाले विड्या ओढत बसतात. म्हणून उजाडायच्या आत, अंगावरच्या कपड्यांनिशी अंघोळ. ते कपडे वर्गात अंगावरच वाळतात. कल्पनाने हे सगळं मला वेळापत्रक सांगावं तसं सांगितलं. दोन मोठ्या मुली होळीला घरी गेल्या त्या परत आल्या नाहीत.

“का गं?”

“मोठ्या झाल्या ना. नाल्यावर कसं निभायचं?”

“आणि तू?”

“मी अध्यक्ष हाय. मी कशी जाऊ?”

परत येताना जीपमध्ये तोंड बाहेर करून बसले होते. शेजारच्या बाईने विचारलं, उलटी होतेय का. हो म्हटलं.

१६ एप्रिल

सु. शी बोलले. म्हटलं, तुझ्या वर्षात एवढं एकच कर. पाइप टाक.

“कांतीभाईंच्या प्रोजेक्टला मी हात लावू?”

“का? चावतो?”

“अगं, तुला कळत नाही. त्यावर त्यांचं नाव आहे. मी पैसे घालायचे आणि नाव त्यांचं? शिवाय वरिष्ठ मंडळी वर्षअखेर गुण देतात ते नव्या कामाला. दुरुस्तीला पॉइंट नसतात.”

समजावणीचा स्वर. जणू पावसाळ्यात पाऊस का पडतो ते सांगतोय.

तर असं आहे. वर्ष तीस जूनला संपतं. एक जुलैला नवा अध्यक्ष येतो, मागच्याचं सगळं मागच्याबरोबर मरतं. कुठे पाण्याचा फिल्टर आहे, वीज नाही. कुठे बाकं आहेत, एकेक पाय गेलेला. वरोरला एक वाचनालय आहे, त्यात कोळी जाळी सुकवतात. ते बरंच म्हणायचं. प्रत्येकावर पाटी. तालुकाभर या माणसांनी स्वतःच्या नावाचे दगड पेरलेत, आणि उगवत काहीच नाही.

आणि ‘सस्नेह’ मी लिहिलं.

२ जुलै

पदग्रहण. चारोटीजवळचं हॉटेल, एसी हॉल, पनीर. अध्यक्षाच्या बायकोला या लोकांत ‘फर्स्ट लेडी’ म्हणतात. खरंच म्हणतात, माइकवरून. माझ्या खांद्यावर तसं छापलेला पट्टा होता. काढून पर्समध्ये ठेवला तर सु. ने कानाशी, “आजच्या दिवस तरी.” परत घातला.

बालनेता शाखेतर्फे कल्पनाला बोलवलं होतं. दोन मिनिटं आभार मानायचे होते. पाटील सरांनी, म्हणजे तिच्या मुख्याध्यापकांनी, भाषण पाठ करून घेतलं होतं. ती उभी राहिली, माइक खाली ओढला आणि म्हणाली:

“आमच्या शाखेची सभा झाली. ठराव असा की, आमच्या बाथरूमला पाणी नाही. बोअरपासून पाइप टाकावा. मुली नाल्यावर अंघोळ करतात, तिथे माणसं बघतात. अनुमोदन सुनीताने दिलं. ठराव सर्वानुमते मंजूर.”

वाटलं, आता.

आणि टाळ्या पडल्या. कडकडून! लोक उभे राहिले. “काय कॉन्फिडन्स!” “आय कॉन्टॅक्ट पाहिला?” “ट्रेनिंगचा रिझल्ट आहे हा.” प्रमुख पाहुण्यांनी स्वतःच्या खिशातलं पेन तिला बक्षीस दिलं. ती काय म्हणाली हे एकाही माणसाच्या कानात शिरलं नव्हतं. नाल्याचं नाव ऐकूनसुद्धा पनीरचा घास कोणाच्या हातात थबकला नाही.

तिला वाटलं ठराव पास झाला. जाताना विचारलं, “ताई, मग पाइप कधी?”

२० ऑगस्ट

सु. चा प्रोजेक्ट ठरला. हात धुण्याची जागा. त्याच शाळेत. ऑक्टोबरात हात धुण्याचा जागतिक दिवस असतो म्हणे. आठ नळ, रंगीत टाइल्स, शाळेच्या दर्शनी भागात, फाटकातून शिरताच फोटो.

“पाणी?”

“बोअरवरून पाइप घेतोय ना!”

या वेळी एस्टिमेटात पाइप आहे. एवढी प्रगती.

८ ऑक्टोबर

शाळेत काम चालू. पाइप बोअरवरून निघून स्नानगृहाच्या भिंतीला अगदी घासून पुढे फाटकाकडे जातो. मी प्लंबरला विचारलं, इथूनच एक फाटा टाकीला काढता येईल का. तो म्हणाला, “ताई, हात फिरवायचा अवकाश.” सु. ला हाक मारली. आला, पाहिलं, पाटी वाचली, मान हलवली.

“तो वेगळा प्रोजेक्ट आहे.”

“सुहास, पाइप भिंतीला लागलाय.”

“पाइप लागलाय, पण काम कांतीभाईंचं आहे. आज मी फाटा काढला तर उद्या ते म्हणतील माझ्या पाटीखाली काम घुसवलं. तुला क्लब माहीत नाही.”

मला क्लब माहीत नाही! मग मला काय माहीत आहे?

कल्पना शेजारी उभी. आता नववीत, आणखी उंच झालीये. सु. गेल्यावर म्हणाली, “ताई, पाटी नसती तर बाथरूम कोणाचं असतं?”

“कोणाचंच नाही. मग जो येईल तो म्हणेल मी बांधलं.” मी हसले.

ती नाही हसली. ही मुलगी माझ्या विनोदांना कधीच हसत नाही. फक्त ऐकून ठेवते.

१५ ऑक्टोबर

आठ नळ सुरू. पाणी खरं. मुली आनंदाने धावल्या, पुढारी बाजूला झाले, कोणी तरी ओरडलं, “आधी पाहुणे!” पाहुण्यांनी हात धुतले. चांगले घासून.

पाटीचा मजकूर माझाच. या वेळी ‘सस्नेह’ घातलं नाही. कोणाच्या लक्षात आलं नाही.

१९ नोव्हेंबर

स्नानगृहाची पाटी गेली. दिवाळीची सुटी संपून शाळा भरली तेव्हा भिंतीत फक्त चौकोनी खड्डा आणि चुना. कांतीभाईंचा सकाळीच फोन, स्पीकर नसतानाही मला ऐकू येत होता.

“सुहासभाई, आ शुं छे? असं करायचं होतं तर मला बोलायचं ना!”

त्यांना वाटतंय सु. ने काढली. चोर शोधायला निघाले की ही माणसं पहिल्यांदा एकमेकांकडे बघतात. ओळखतात चांगलं. सु. ने देवाची शपथ घेतली, आईची घेतली. मग माझी घ्यायला लागला तेव्हा मी म्हटलं, पुरे.

दिवसभर दुखावलेला होता. “मी असा माणूस वाटतो का गं?” नाही, असं म्हणता आलं नाही. तू दुसऱ्याची पाटी काढणार नाहीस. तू फक्त तिच्याखाली पाणी येऊ देणार नाहीस.

३ डिसेंबर

आमच्या हॉलमध्ये क्लबची तातडीची बैठक. दोनदा चहा, एकदा भजी. पाटीचा अवमान, पाटीचा दर्जा, नवी पाटी ग्रॅनाइटची करावी की काय. एका सदस्याने पोलिसांचं नाव काढलं, दुसऱ्याने पेपरचं, मग दोघं गप्प झाले. भिंतीवर दगड नाही यावर सारी संध्याकाळ. भिंतीच्या आत पाणी नाही यावर शब्द नाही.

मी भज्यांची प्लेट ठेवता ठेवता म्हटलं, “पाइप टाकून घ्या आणि दोघांची मिळून एक पाटी लावा.”

कांतीभाई हसून, “वैनी रायटर आहेत ने. इमेजिनेशन सारी छे, मस्त.”

पाटील सर कोपऱ्यात अंग चोरून बसले होते. म्हणाले, “साहेब, मुलांपैकीच कोणी असेल. ज्याने काढली त्याच्या हातात दाखला ठेवतो.”

सगळ्यांना बरं वाटलं. एका पोराला शाळेतून काढायचं ठरलं आणि भजी संपली.

१७ डिसेंबर

शाळेत गेले. कल्पनाला काही विचारलं नाही. तीच म्हणाली, “चला, नाला दाखवते.”

नाल्याच्या काठाला, पाण्यात अर्धा, एक पांढरा दगड. ठरावाला अनुमोदन देणारी सुनीता त्यावर कपडे घासत होती. मी वाकून खालून हात घातला. गार पाणी, वाळू, मग बोटांना अक्षरं लागली. कोरलेली. ‘स’ लागला, मग जोडाक्षर. बोटांनी वाचत राहिले.

“गुळगुळीत हाय,” कल्पना म्हणाली. “कपडे चांगले निघतात.”

किती वर्षं लिहितेय मी. पहिल्यांदा काही उपयोगी पडलं.

“सरांनी दाखल्याचं सांगितलंय माहितीये ना?”

“माहीत हाय.”

“भीती नाही वाटत?”

“वाटते. घरी पाठवलं तर बा लगेच कामाला नेईल, भिवंडीच्या वीटभट्टीवर. पण ताई, आता पाटी नाही. मग साहेब का नाही बांधत?”

‘जो येईल तो म्हणेल मी बांधलं’ या माझ्याच विनोदावर तिने सगळं पणाला लावलं होतं.

१४ जानेवारी २०१८

संक्रांत. तिळगूळ वाटायच्या निमित्ताने क्लब शाळेत चौकशीला. व्हरांड्यात खुर्च्या, समोर मुलं जमिनीवर. पाटील सरांनी आवाज चढवला, “कोणी काढली पाटी? उभं राहा.”

ठक्.

कल्पना. गळ्यात तो पट्टा, हातात हातोडी, टेबल म्हणून स्टुलावर पालथा डबा.

सगळे खरंच गप्प बसले. मोठेसुद्धा. सवयीचा परिणाम, आयुष्य सभांत गेलेलं.

“शाखेची सभा सुरू आहे,” ती म्हणाली. “पाटी काढायचा ठराव झाला होता. ठरावाच्या बाजूचे हात वर करा.”

सगळ्या मुलींचे हात वर. अगदी पहिलीतल्या बुटक्यासुद्धा, एकीने दोन्ही केले. मग मुलांमधूनही काही.

“दुसरा ठराव. पाणी आलं की पाटी परत. तोपर्यंत नाही. अनुमोदन?”

“माझं!” “माझं!”

ठक्.

कांतीभाईंचा चेहरा बघण्यासारखा होता. “हे कोणी शिकवलं यांना?”

मीच म्हटलं, “आपण. वापीहून माणूस आणून.”

सु. ने माझ्याकडे पाहिलं. तिळगूळ तसाच पिशवीत राहिला.

येताना मी कांतीभाईंना विचारलं, तुम्हीच का टाकत नाही पाइप? तुमचीच पाटी, तुमचंच काम. खरोखर दचकले. “मी तो आता पास्ट प्रेसिडेंट, वैनी. पास्टने काम नाय करायचं. पास्टने पहिल्या रांगेत बसायचं.”

११ मार्च

सगळं अडलंय. पाटील सर सगळ्यांना दाखले देऊ शकत नाहीत, वर्गच रिकामे होतील. म्हणून एकटीवर डोळा. दहावीला तिचं नाव घालायचं की नाही, “जूनमध्ये बघू” म्हणतात. शाखा क्लबने ‘स्थगित’ केली. पट्टा परत घेतला. हातोडी सापडत नाही म्हणे.

सुनीता या होळीला घरी गेली. आली नाही. कल्पनाने फोनवर एवढंच सांगितलं. गावितबाईंचा मोबाइल होता, त्यांनी मागून घेतला.

२७ मे

सु. ने तोडगा काढलाय. ‘स्नानगृह नूतनीकरण.’ नव्या नावाने नवा प्रोजेक्ट, म्हणजे पॉइंट मिळतात. पाटीवर दोघांचीही नावं. कांतीभाई तयार, त्यांचं आधी असेल तर. सहा महिन्यांनी ही माणसं माझ्या भज्यांच्या प्लेटपर्यंत पोचली.

“फक्त मजकूर दे. दगडवाला थांबलाय. पाटी झाली की कार्यक्रम, कार्यक्रम झाला की पाइप.”

“आधी पाइप.”

“अगं, तीस जूनला माझं वर्ष संपतं!”

“म्हणून तर.”

“पाटीच नाही तर उद्घाटन कशाचं करू?”

“पाण्याचं.”

फार चिडला. “तू माझी बायको आहेस की त्या पोरींची सेक्रेटरी?”

गंमत म्हणजे इतका चांगला प्रश्न मला गेल्या कित्येक वर्षांत कोणी विचारला नव्हता. भाजी निवडता निवडता त्यावर विचार करत राहिले.

मजकूर कोणीही लिहील, हे त्याला अजून सुचलेलं नाही. देवा, तीस तारखेपर्यंत सुचू देऊ नकोस.

१७ जून

शाळा भरली. गावितबाईंना फोन केला. कल्पना आलीये. पाटील सरांनी तिचं नाव दहावीत घातलेलं नाही, पण जा असंही म्हणाले नाहीत. ती जाऊन पहिल्या बाकावर बसते. हजेरीत नाव पुकारत नाहीत, तरी ती ‘हजर’ म्हणते.

सु. शी बोलणं फक्त जेवणाखाण्यापुरतं. काल रात्री ताटावर म्हणाला, “सगळे मला हसतायत.” वाईट वाटलं. खरंच वाटलं. तो वाईट माणूस नाही. चिकूच्या झाडाला पाणी घालायला विसरत नाही, शेजाऱ्यांच्या कुत्र्याला भाकरी ठेवतो. त्याला फक्त पाटीशिवाय चांगलं वागता येतं हे क्लबात गेल्यापासून आठवत नाही.

२९ जून

सु. सकाळीच गाडी घेऊन गेला. कुठे ते सांगितलं नाही. मागच्या सीटवर पाइपचे तुकडे पाहिले. मी डबा भरून दिला. त्याने घेतला.

दुपारी गावितबाईंच्या नंबरवरून फोन.

“ताई, मी. साहेब आलेत. प्लंबरकाकापण. लाकडं सगळी काढली आम्ही.”

“आणि?”

“नळ सोडलाय. नुसती हवा येते. फूस फूस करतंय.”

मागून सु. चा आवाज, “तिला म्हण मजकूर तयार ठेव! आणि ती जुनी पाटी कुठाय ते सांग!”

“ऐकलंत ना?” कल्पना हळूच. “पाटी नाल्यावरच हाय. पाणी आलं की उचलू. आधी नाही.”

“बरोबर.”

“काका म्हणतात थांबा, पाइपात हवा भरलीये. तुम्ही ऐका, मी फोन नळाला लावते.”

फोन कानाशी धरून एका हाताने लिहितेय, अक्षर वाकडं येतंय. खरखर, मग शिट्टीसारखं काहीतरी, मग काहीच नाही. बारक्या मुलींचा घोळका नळापाशी असणार. आलं? नाही. आलं? सरका गं, मला बघू दे. पुन्हा खरखर.

तिने फोन ठेवलेला नाही.